रात्री रेकॉर्ड केलेली लिंक सकाळी वाजून नाही राहिली

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या सामुदायिक रेडिओवर जुना विंडोजवाला कॉम्प्युटर काढून लिनक्सवर रिव्हेंडेल टाकलं, म्हणजे रेडिओचे कार्यक्रम आपोआप वाजवणारं सॉफ्टवेअर. तुम्ही संध्याकाळी बसून उद्याच्या गाण्यांच्या मधातल्या लिंका, म्हणजे बोलण्याचे तुकडे, रेकॉर्ड करता, तिथंच ऐकल्या तर बरोबर वाजतात, सकाळी मात्र गाणी वाजतात अन् तुमचा आवाज गायब. कधी वाजलाच तर पहिलं अक्षर खाल्लेलं. अन् तिसरी गोष्ट, तुमच्या आजीची भुलाबाईची गाणी तुम्ही याच सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केली, ती आता कुठं आहेत तेच सापडून नाही राहिलं.

मी चौदा वर्षं झाली हेच काम करून राहिलो, यवतमाळ अन् वर्ध्याच्या पट्ट्यात, आधी झारारेडिओवर मग रेडिओडीजेवर अन् आता बरीच वर्षं रिव्हेंडेलवर, म्हणून जरा लांबून सांगतो. घाई असेल तर एवढंच करा, आजीच्या गाण्यांचा परिच्छेद खाली आहे तो आधी वाचा अन् ते काम आजच उरका, लिंकांचं उद्या पाहिलं तरी चालते.

पहिलं लिंकांचं. लॉगमध्ये, म्हणजे त्या दिवशी वाजवायच्या यादीत, दोन गाण्यांच्या मधात व्हॉइस ट्रॅकची ओळ टाकून तुम्ही जो आवाज भरता तो रिव्हेंडेल साध्या कार्टसारखा, म्हणजे लायब्ररीतल्या नंबर दिलेल्या नोंदीसारखा, धरत नाही. त्या ट्रॅकचा मालक तो लॉग असतो. लॉग गेला की ट्रॅक गेला. आता तुमच्याकडे काय होत असेल ते मी बसल्या जागेवरून सांगतो, कारण दहा ठिकाणी हेच पाहिलं आहे. ज्यानं हे बसवून दिलं त्यानं रात्री अकरा-बाराला उद्याचा लॉग आपोआप तयार होईल असं लावून ठेवलं असणार. तुम्ही संध्याकाळी सातला उद्याच्या लॉगमध्ये आवाज भरला, रात्री मशीननं तोच लॉग पुन्हा नव्यानं बनवला, जुना पुसला अन् त्याच्यासंगं तुमच्या सगळ्या लिंका पुसल्या. हातानं लॉग काढून टाकायला गेलात तर सॉफ्टवेअर विचारतं की याच्यात इतके व्हॉइस ट्रॅक आहेत, तेही जातील, चालेल का? पण रात्री आपोआप चालणाऱ्या कामाला विचारणार कोण अन् हो-नाही म्हणणार कोण, तिथं माणूसच नसतो.

उपाय सोपा आहे. लॉग दोन-तीन दिवस आधीच बनू द्या, अन् लॉग बनवणाऱ्या कमांडला आधीपासून असलेल्या लॉगला हात लावू नको असा पर्याय देता येतो तो देऊन ठेवायला सांगा. मग तुम्ही ज्या लॉगमध्ये बोलून राहिल्या तो कोणी मागून पुसत नाही. हे तुम्हाला स्वतःला करता नाही आलं तरी चालेल, पण ज्यानं सेटअप केला त्याला नेमकं हेच वाक्य सांगा की व्हॉइस ट्रॅकिंगनंतर लॉग पुन्हा जनरेट होऊन राहिला, तो लगेच समजेल. नुसतं आवाज येत नाही म्हणाल तर तो येऊन माईकची केबल बदलून जाईल.

दुसरं कारण याच्याहून साधं. आरडी-एअरप्लेमध्ये, म्हणजे हवेवर वाजवणाऱ्या भागात, उद्याचा किंवा आजचा लॉग आधीच चढवलेला असेल अन् त्याच्यानंतर तुम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसून आरडी-लॉगएडिटमध्ये, म्हणजे लॉग दुरुस्त करायच्या भागात, आवाज भरला, तर एअरप्लेला ते माहीतच नसतं. त्याच्याजवळ जुनीच यादी असते अन् तो तीच वाजवतो. लॉग रिफ्रेश करावा लागते. आमच्याकडे सकाळी साडेपाचला जो पोरगा येतो त्याला एकच काम दिलं आहे, ट्रान्समीटर चालू करण्याआधी लॉग रिफ्रेश कर अन् पहिल्या तीन ओळी डोळ्यानं वाच. हा नियम केल्यापासून सकाळचे फोन बंद झाले.

तिसरं कारण मात्र असं आहे की ते शोधायला मला त्या वर्षी पूर्ण एक आठवडा लागला, म्हणून सविस्तर सांगतो. उन्हाळा होता, मे महिना, लाईन रोज जायची, कधी दुपारी तीन तास तर कधी रात्रभर. यूपीएसची बॅटरी पंधरा मिनिटांत आटपायची अन् मशीन बंद पडायची. लाईन आली की मशीन चालू व्हायची, गाणी वाजायची, पण हवामानाचा तुकडा, बाजारभावाचा तुकडा, दवाखान्याच्या शिबिराची घोषणा, यातलं काहीच वाजायचं नाही. फाईल जागेवर, आवाज चांगला, लायब्ररीत दाबलं की वाजते. पण लॉगमध्ये ती ओळ आली की मशीन पुढं सरकून जाते. शेवटी एका रात्री स्क्रीनच्या कोपऱ्यात सहज नजर गेली तर घड्याळात तारीख कितीतरी वर्षं मागची. मदरबोर्डवर बटनासारखा एक छोटा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा, तो संपला होता. लाईन गेली की कॉम्प्युटर तारीख विसरायचा, अन् आमच्या स्टुडिओत तेव्हा इंटरनेट धड नव्हतं म्हणून तारीख आपोआप दुरुस्तही व्हायची नाही. रिव्हेंडेलमध्ये प्रत्येक कटला, म्हणजे कार्टमधल्या एकेका रेकॉर्डिंगला, कधीपासून कधीपर्यंत वाजवायचं याची तारीख देता येते, अन् आम्ही ती देत होतो. मशीनच्या हिशोबानं आमचे सगळे तुकडे अजून सुरूच व्हायचे होते. गाण्यांना तारीख नव्हती म्हणून गाणी वाजत होती. घड्याळाच्या दुकानात मिळणारा सेल टाकला अन् सगळं सुरळीत. तेव्हापासून दर वर्षी उन्हाळ्याच्या आधी मी तो सेल बदलून टाकतो, संपायची वाट पाहत नाही. तुमच्याकडे लाईनचा तोच हाल असेल, तर आज जाऊन घड्याळ पाहाच.

पण ही अडचण आली म्हणून तारखा देणं बंद करू नका, हे फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे जून-जुलैत कास्तकार रेडिओ ऐकून पेरणीचा विचार करतो. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं आपण सांगतो, मग पाऊस झाला की आता पेरा असंही सांगतो. पहिला तुकडा दुसऱ्याच्या नंतर वाजला, किंवा मागच्या हप्त्याचा "उद्या जोरदार पाऊस" आज वाजला अन् एखाद्यानं त्याच्या भरवशावर सोयाबीन टाकलं, तर त्याचं बियाणं गेलं, दुबार पेरणी आली. म्हणून हवामानाच्या तुकड्याला शेवटची तारीख अन् वेळ दिल्याशिवाय तो लायब्ररीत टाकायचाच नाही, आमच्याकडे हे काम करणाऱ्या पोरीला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. पुढं ती नोकरीला लागून गेली पण तिची सवय अजून आमच्या स्टुडिओत चालू आहे. एकाच कार्टमध्ये दोन कट ठेवा, एक आजचा, त्याला तारीख दिलेली, अन् दुसरा एव्हरग्रीन म्हणून खूण केलेला, ज्याच्यात कायमचं खरं असणारं काहीतरी असेल, जसं वीज कडाडत असताना झाडाखाली उभं राहू नका, ढोरं झाडाला बांधू नका. आजच्या कटची मुदत संपली अन् नवा टाकायला कोणी आलंच नाही तर एव्हरग्रीन वाजतो, खाली जागा राहत नाही अन् खोटंही जात नाही.

आता खाल्लेलं अक्षर. मला हे विचारणारे निदान वीस जण भेटले असतील अन् सगळ्यांना वाटते की माईक खराब आहे. माईकचा काही दोष नाही. रिव्हेंडेल रेकॉर्डिंगच्या आगची-मागची शांतता आपोआप छाटतं, त्याला ट्रिम म्हणतात, अन् किती हळू आवाजाला शांतता समजायचं ती मर्यादा आरडी-अ‍ॅडमिनमध्ये, म्हणजे सेटिंगच्या भागात, लावलेली असते. आपल्या भाषेत वाक्याची सुरुवात बरेचदा हळू अक्षरानं होते. "हवामान" म्हणून पाहा, तोंडासमोर हात धरून. "ह" म्हणजे नुसती हवा आहे, त्यात आवाज जवळजवळ नाहीच, खरा जोर "वा"वर येतो. मशीनला वाटते शांतता आहे, ती खूण सरकवून "वा"च्या आधी आणते अन् हवेवर जाते "वामान". तसंच शेवटी. आपण "...आहे" म्हणताना दम संपत आलेला असतो, "हे" इतका हलका पडतो की तो छाटला जातो अन् वाक्य "आ" वर तुटते. "नमस्कार" चा "न" सुद्धा असाच जातो, हळू सुरुवात करणाऱ्या बाईमाणसाचा तर हमखास.

चांगली गोष्ट अशी की आवाज खरोखर कापलेला नसतो. ट्रिम फक्त सुरुवातीची अन् शेवटची खूण हलवतो, मूळ फाईल पूर्ण असते. लायब्ररीतल्या कार्टचा कट उघडून खुणांच्या खिडकीत जा, तरंग मोठा करून पाहा, सुरुवातीच्या रेषेच्या डावीकडं तुम्हाला बारीक केसासारखी लव दिसेल, तो तुमचा "ह". रेषा ओढून त्याच्याही थोडी मागं न्या, सेव्ह करा, झालं. पण रोज वीस तुकड्यांचं हे करत बसणं शक्य नाही, म्हणून एक तर आरडी-अ‍ॅडमिनमध्ये ती मर्यादा आणखी खाली न्या, लायब्ररीची वेगळी असते अन् लॉगएडिटची वेगळी, दोन्ही पाहा, नाहीतर बाहेरून फाईल आत घेताना ऑटोट्रिमची खूण काढून टाका. मी तर ती काढूनच टाकली अन् शांतता हातानं छाटतो. आकाशवाणीतून रिटायर झालेले एक इंजिनिअर आमच्याकडे शिकवायला यायचे, ते सांगायचे की त्यांच्या काळी टेप साडेसात इंच सेकंदानं फिरायची अन् ब्लेडनं तिरपा काप देऊन जोडायची, श्वासाच्या आधी कापायचं, श्वास अन् शब्द यांच्या मधात नाही. तो नियम आजही तसाच लागू आहे. श्वास ठेवा. श्वास छाटलेलं बोलणं ऐकणाऱ्याला मशीनचं वाटते.

याच खुणांच्या खिडकीत सेग्यूची खूण असते, म्हणजे इथून पुढचं गाणं सुरू कर. नवीन माणूस ती लावत नाही अन् मग लिंक संपून एक सेकंद पोकळी राहते. तुमचा शेवटचा शब्द पूर्ण झाला की लगेच ही खूण ठेवा, अन् लॉगमध्ये पुढच्या गाण्याच्या ओळीला सेग्यू निवडा. नुसतं प्ले निवडलेलं असेल तर तुमचा तुकडा पूर्ण संपेपर्यंत ते थांबते, सेग्यूची खूण ते वाचतच नाही. अन् चुकून स्टॉप राहिला असेल तर मशीन तिथंच उभी राहते, सगळं मूकं. हे पण एकदा तपासून पाहा.

रेकॉर्डिंगबद्दल थोडंसंच सांगतो कारण ते तुम्हाला बऱ्यापैकी येते असं दिसते. माईक चार बोटं ते एक वीत, तोंडाच्या जरा बाजूला, समोरासमोर नको, नाहीतर "प", "फ", "भ" ला धप्प आवाज येतो. मीटरवर सगळ्यात मोठा आवाज उणे बारा डेसिबलच्या आसपास राहू द्या, लाल होऊ द्यायचा नाही, एकदा फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. स्टिरिओ कशाला, एक माणूस बोलून राहिला तर दुप्पट जागा खाण्यात काही हशील नाही. भिंतीला अंड्याचे ट्रे लावू नका, त्यानं काही होत नाही. आपल्याकडे कापसाची गादी घरोघरी आहे, दोन जुन्या गाद्या पाठीमागं अन् बाजूला उभ्या करा, गुंजणं तिथंच मरते. पंखा अन् कूलर बंद करावाच लागते, अन् मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत बंद खोलीत ते होत नाही हे मला माहीत आहे, म्हणून आम्ही उन्हाळ्यात रेकॉर्डिंग सकाळी सहाला करतो. लाईन नसताना साध्या इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नका, स्वस्त इन्व्हर्टरची वीज शुद्ध लाटेची नसते अन् ती भणभण माईकमध्ये उतरते, त्यापेक्षा लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घ्या, एकदम स्वच्छ येते.

आवाजाच्या उंचीबद्दल एक गोष्ट मात्र लोकांना कळत नाही म्हणून सांगतो. तुम्ही लिहिलं की नॉर्मलाइज केलं तरी गाण्यापुढं तुमचा आवाज दबतो. रिव्हेंडेल नॉर्मलाइज करताना फक्त सगळ्यात उंच टोक पाहतं. गाणं आधीच दाबून सपाट केलेलं असते, तुमचं बोलणं उंच-सखल असते, एखादा "ट" जोरात गेला की त्याच्या टोकावरून माप घेतलं जाते अन् बाकी बोलणं खालीच राहते. ऑडासिटीत, म्हणजे आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आधी कॉम्प्रेसर हलका लावा, तो उंच-सखल आवाज सारखा करतो, मग आत घ्या. अन् उजळपणा यावा म्हणून वरच्या पट्ट्या चढवू नका. एफएमवर पाठवताना ट्रान्समीटर स्वतःच वरच्या पट्ट्या वाढवतो, घरच्या रेडिओत त्या पुन्हा खाली येतात, पण तुम्ही आधीच चढवलं असेल तर "स" अन् "श" मध्येच फाटून जातात, हेडफोनमध्ये चांगलं वाटते अन् गावात फाटकं ऐकू येते.

बरं, आता आजीची गाणी. इथं मी जरा जास्त बोलेन.

माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे. ज्या केंद्रात मी तेव्हा होतो तिथं पोळ्याच्या आधी आम्ही एका म्हाताऱ्या बाबांच्या झडत्या, म्हणजे पोळ्यात तोरणाखाली म्हणायची कवनं, रेकॉर्ड केल्या. वय झालेलं, दात नव्हते, पण तोरणाखाली उभे राहिल्यासारखे ताठ उभे राहून म्हणत होते, प्रत्येक झडतीच्या शेवटी "एक नमन गौरा पार्वती, हरबोला हर हर महादेव" असा आवाज काढायचे की अंगणातली पोट्टी आपोआप मागून ओरडायची, अन् तेही रेकॉर्डिंगमध्ये आलं होतं, गोठ्यातल्या बैलाची घंटा पण आली होती. आम्ही ते थेट लायब्ररीत घेतलं. पोळ्यानंतर वाजू नये म्हणून मी स्वतः तान्ह्या पोळ्याच्या दिवसाची शेवटची तारीख टाकली. ज्या ग्रुपमध्ये ते कार्ट होतं त्या ग्रुपला मुदत संपलेले कट इतक्या दिवसांनी आपोआप पुसून टाक, असं कोणीतरी आधीच लावून ठेवलेलं, डिस्क भरू नये म्हणून, अन् ते चुकीचंही नव्हतं, घोषणांच्या ग्रुपला ते लागतंच. मी पाहिलं नाही. पुढच्या वर्षी पोळा जवळ आला, शोधलं तर कार्ट रिकामं. बाबा त्या उन्हाळ्यातच गेले होते. त्यांच्या मुलाला मी काय सांगितलं ते मला अजून आठवते, अन् त्यानं काहीच म्हटलं नाही, नुसता हो म्हणाला, तेही आठवते.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरच्या पोटात जी फाईल आहे ती वाजवायची प्रत आहे. ती कधीच मूळ नसते. मूळ आवाज त्याच्या बाहेर असला पाहिजे, दोन जागी, अन् तिथं पोचल्याशिवाय माणसाच्या समोरून उठायचं नाही. रोजच्या लिंका, वेळ सांगणं, पुढचं गाणं अमुक, हे व्हॉइस ट्रॅकरमध्ये खुशाल भरा, ते उद्या संपणार आहे. पण मुलाखत, ओव्या, दंडार, भुलाबाई, जुन्या बाईनं सांगितलेलं बाळंतपणाचं औषध, सरपंचानं दिलेला शब्द, यातलं काहीही व्हॉइस ट्रॅकरमध्ये रेकॉर्ड करायचं नाही. वेगळ्या रेकॉर्डरवर किंवा ऑडासिटीत घ्यायचं, डब्ल्यूएव्ही म्हणून काढायचं, अन् मग त्याची प्रत लायब्ररीत स्वतःच्या नंबरच्या कार्टमध्ये टाकायची.

ऑडासिटी म्हटली की एक खड्डा आहे, त्यात नवीन माणूस पडतोच. सेव्ह प्रोजेक्ट केलं की जी फाईल बनते ती फक्त ऑडासिटी उघडते, नवीन आवृत्तीत ती एयूपी३ नावाची असते, रेडिओचं सॉफ्टवेअर ती घेत नाही अन् मोबाइलवरही वाजत नाही. एक्स्पोर्ट करून डब्ल्यूएव्ही काढावी लागते. मी एका गावात गेलो तर पोरांनी चार महिन्यांचं काम प्रोजेक्ट म्हणून सेव्ह केलं होतं, जुन्या आवृत्तीत, त्यात आवाजाचे तुकडे संगतच्या एका डेटाच्या फोल्डरमध्ये राहायचे, अन् पेन ड्राइव्हवर नेताना फोल्डर कशाला म्हणून तेवढं सोडून नुसती छोटी फाईल नेली. आवाज मागच्या कॉम्प्युटरवर राहिला अन् तो कॉम्प्युटर फॉरमॅट झाला.

जागेची काळजी करू नका. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो डब्ल्यूएव्ही मिनिटाला पावणेसहा एमबी खाते, तासाला ३४५ च्या आसपास. तुमच्या आजीची चाळीस मिनिटं म्हणजे २३० एमबी. आजकालच्या पेन ड्राइव्हमध्ये असे शंभर बसतात. मूळ प्रत एमपी३ करून ठेवू नका, एमपी३ उघडून कापून पुन्हा एमपी३ केली की दर वेळी आवाज थोडा झिजतो.

आता तुमची फाईल शोधू. रिव्हेंडेल सगळा आवाज व्हार फोल्डरच्या आत एसएनडी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं अन् फाईलला नाव देत नाही, नंबर देतं, सहा आकडी कार्ट, मग खाली रेघ, मग तीन आकडी कट. म्हणून नावानं शोधलं की सापडत नाही. आरडी-लायब्ररीत सगळे ग्रुप निवडून शोधा, बरेचदा वर ग्रुपची गाळणी लागलेली असते म्हणून कार्ट दिसत नाही. तिथं सापडलं तर ते कार्ट उघडा, कट निवडा, एक्स्पोर्ट करा. तिथं नाही सापडलं अन् तुम्ही ते व्हॉइस ट्रॅकरमध्येच भरलं असेल, तर ज्या दिवसाच्या लॉगमध्ये भरलं तो लॉग अजून आहे का ते पाहा. असेल तर त्या लॉगला कोणी हात लावू नये असं सगळ्यांना सांगा, रात्रीचं आपोआप काम आजच्यापुरतं बंद करा, अन् एसएनडी फोल्डर पूर्ण बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या. मग निवांत तारीख अन् आकार पाहून शोधता येईल, २३० एमबीची मोनो फाईल गाण्यांच्या गर्दीत लगेच उठून दिसते, गाणी सहसा पन्नास-साठ एमबीच्या आसपासच असतात.

बॅकअप घेताना नुसतं एसएनडी फोल्डर घेऊन भागत नाही. नावं, तारखा, खुणा, ग्रुप हे सगळं डेटाबेसमध्ये असते, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीत. मशीन जळाली अन् तुमच्याजवळ फक्त आवाज असला तर हजारो फायली हातात येतील अन् एकाचंही नाव माहीत नसेल, एकेक ऐकून ओळखावी लागेल. डेटाबेसचा डंप, म्हणजे त्याची पूर्ण प्रत, अन् आवाजाचं फोल्डर, दोन्ही एकाच दिवशीचं घ्या. आम्ही दर शुक्रवारी घेतो अन् डिस्क स्टुडिओत ठेवत नाही, दुसऱ्या घरी ठेवतो, कारण वीज पडली तर टॉवरवरून सगळ्यात आधी स्टुडिओतच उतरते.

बाहेर ठेवलेल्या मूळ फाईलचं नाव तारखेनं सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे आपोआप ओळीत लागते. मग गाव, मग काय आहे ते. फाईलच्या नावात मी इंग्रजी अक्षरं वापरतो, जुन्या डेटाबेसमध्ये देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. अन् रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा, आज तारीख अमुक, गाव अमुक, म्हणणारी अमुक, वय इतकं, रेडिओवर लावायला यांची हरकत नाही, अन् त्यांच्याच तोंडून हो म्हणवून घ्या. फाईलचं नाव बदलते, वही हरवते, पण ही चार वाक्यं आवाजाच्या आतच राहतात.

रेकॉर्ड चालू असताना लाईन गेली अन् फाईल शून्य सेकंदाची दिसून राहिली तर पुसू नका. डब्ल्यूएव्हीच्या डोक्यात लांबी लिहिलेली असते ती शेवटी लिहिली जाते, ती लिहायच्या आधी मशीन बंद पडली एवढंच. फाईलचा आकार पाहा, एमबी भरलेले असतील तर आवाज आत आहे. ऑडासिटीत इम्पोर्टमध्ये रॉ डेटा म्हणून घ्या, १६ बिट साइन्ड, लिटल एंडियन, एक चॅनल, ४८०००. आवाज जाड अन् संथ आला तर रेट कमी भरला गेला आहे, बारीक अन् घाईचा आला तर जास्त, ४४१०० अन् ४८००० अदलून पाहा. मी याच्यानं दोन पूर्ण मुलाखती वाचवल्या आहेत.

जे हवेवर गेलं ते तीन महिने जपून ठेवायचं बंधन आपल्याला परवानगीतच आहे, म्हणून लॉगरची, म्हणजे हवेवर गेलेलं सगळं टिपून ठेवणाऱ्याची, रेकॉर्डिंग वेगळी लागते, ती कॉम्प्युटरच्या आउटपुटवरून नको, एक साधा रेडिओ लावून त्याच्यावरून घ्या, म्हणजे खरंच काय ऐकू गेलं ते कळते. बोलण्यापुरती ६४ केबीपीएसची एमपी३ पुरे, रोज बारा तास धरले तरी नव्वद दिवसांचे ३१ जीबी होतात. तुमच्या लिंका कोणत्या दिवसापासून वाजणं बंद झालं हे पण त्याच्यातच सापडेल.

अन् आजीची गाणी मिळाली की त्यातली एक प्रत आजीच्या घरी द्या. त्यांच्यासाठी एमपी३ चालते, १२८ केबीपीएस, मोनो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाल तर ऑडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे फाईल जशीच्या तशी जाते. कोजागिरीच्या आधी पोचली तर पोरी ऐकून म्हणतील. कार्ट सापडलं की त्याचा नंबर अन् ग्रुपचं नाव इथं टाका, त्या ग्रुपला आपोआप पुसणं लागलेलं आहे का ते कुठं पाहायचं, तेवढं मी सांगतो.